दहा मेगाबिटांची वाटणी

कर्जमंजुरीचे अधिकार निवृत्तीबरोबर संपले, असे मी समजून चाललो होतो. गेल्या पावसाळ्यात घरच्यांनी ते मला पुन्हा बहाल केले. या खेपेला वाटायचा होता तो पैसा नव्हे, घरात येणारे इंटरनेट होते.

त्याचे असे झाले. माझी सून वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. बोलताना अडखळणाऱ्या मुलांबरोबर ती काम करते. २०२०च्या टाळेबंदीत हे काम नाइलाजाने पडद्यावरून सुरू झाले आणि टाळेबंदी उठल्यावरही, ज्यांना दर आठवड्याला पुण्याला येणे परवडत नाही अशा काही मुलांसाठी ते तसेच चालू राहिले. त्यांतला एक मुलगा नऊ वर्षांचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सातला तो आपल्या गावाहून तिच्यासमोर येऊन बसतो. जुलैतल्या एका संध्याकाळी त्याने एक आख्खे वाक्य न थांबता म्हटले. सूनबाई लगेच "शाब्बास" म्हणाली. ते "शाब्बास" त्याच्यापर्यंत सेकंद-दीड सेकंदाने पोचले, आणि तेही अर्धे. मधल्या शांततेत पोराने वाक्य पुन्हा सुरू केले, या वेळी अडखळला, आणि मग विचारले, "मॅडम, मी चुकलो का? तुम्ही गप्प का झालात?"

रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, अशा मुलाला समोरच्याचे गप्प बसणे म्हणजे काय, ते तुम्हाला कसे सांगू? आयुष्यभर लोक त्याच्यासमोर असेच गप्प बसलेले असतात. त्याचे मला स्वच्छ ऐकू येते हो. माझेच त्याच्याकडे उशिरा जाते."

तिचे शेवटचे वाक्य मी नीट ऐकले असते, तर पुढचे सगळे टळले असते. पण मी तोवर मनातल्या मनात वाटपाचा तक्ता आखायला घेतला होता.

आमचे नेट गल्लीतल्या केबलवाल्याकडून येते. सेकंदाला ५० मेगाबिट खाली उतरतात, १० वर चढतात. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हे बिट आहेत, बाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे जाहिरातीतला ५०चा आकडा प्रत्यक्षात सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट होतो. व्याजदर सपाट सांगायचा की घटत्या शिलकेवर, यातली जी गंमत आहे तीच इथेही आहे. आणि उतरण्याचा आकडा मोठ्या टायपात असतो, चढण्याचा बारीक टायपात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या राउटरचे पान मी उघडले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असे लिहायचे आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेला पासवर्ड भरायचा, की हे पान येते. तिथे ‘बँडविड्थ कंट्रोल’ नावाची एक खिडकी होती. तीत घरातल्या यंत्रांची यादी दिसली. माणसे पाच, यंत्रे चौदा! प्रत्येक यंत्रापुढे दोन रकाने : कमीत कमी किती द्यायचे आणि जास्तीत जास्त किती. खाली ‘सेव्ह’चे बटण. पस्तीस वर्षे मी अशाच रकान्यांत आकडे भरून पोट भरले. त्या बटणाकडे पाहताना हाताला जुनी ओळख पटली.

रीतसर अर्ज मागवले. चिरंजीव बांधकामाच्या साइटवर असतात, त्यांना पहाटे नकाशे उतरवून घ्यायचे असतात आणि रात्री क्रिकेट. सौभाग्यवतींची मागणी भजनी मंडळाचे व्हिडिओ आणि बहिणीशी समोरासमोर बोलणे. नातवाने अर्ज केला नाही. तो नववीत आहे, त्या वयात कुणी आजोबांकडे अर्ज करत नाही. ५० मेगाबिटांपैकी मी सूनबाईला २० दिले, चिरंजीवांना १०, टीव्हीला १०, सौ.ला ५, नातवाला ३, आणि २ राखीव. नातवासाठी आणखी एक खास कलम घातले : संध्याकाळी सहा ते नऊ फक्त १ मेगाबिट. त्याचे गेम हेच दुखण्याचे मूळ, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. चौकशी न करता इतकी खात्री मी बँकेत कधी बाळगली नसती. तक्ता टाइप करून फ्रिजवर चुंबकाने लावला.

पहिली तक्रार चिरंजीवांची आली. "बाबा, पहाटे पाचला घरात सगळे झोपलेले असतात. तरी माझे नकाशे १०च्या वर उतरत नाहीत. टाकी भरलेली आणि नळाला बूच, हे काय?" मुद्दा बिनतोड होता. मंजूर केलेली पण न वापरलेली मर्यादा तिजोरीत कुजत पडते, तिचे व्याज कुणालाच मिळत नाही. राउटरच्या जगात यावर उपाय आहे, आणि तो पाहून मला आपल्या धंद्यातला माणूस भेटल्यासारखे वाटले. दोन वेगळे आकडे लिहायचे : एक हमीचा, दुसरा कमाल. हमीचे ज्याचे त्याला केव्हाही मिळते. पण दुसरा कुणी आपले वापरत नसेल, तर त्याचे उसने घेऊन कमाल मर्यादेपर्यंत जाता येते. मूळ मालक जागा झाला की उसने आपोआप परत. तारण नाही, नोटीस नाही, वसुली अधिकारी नाही. यामागे एक काल्पनिक बादली असते. तीत ठरावीक वेगाने टोकन पडत राहतात आणि प्रत्येक पॅकेटला बाहेर पडायला टोकन द्यावे लागते. बादलीत शिल्लक असेल तर घटकाभर भरधाव जाता येते, संपली की टोकन पडतील तसे. आमच्या शाखेत पितळी टोकन होते, नंबर कोरलेले. ते हातात घट्ट धरून बसलेली माणसे मला आठवली.

मी सगळ्यांची कमाल ५० करून टाकली. चिरंजीव खूश झाले. सूनबाईचा आवाज मात्र सोमवारी तुटला, बुधवारीही तुटला.

आता माझा संशय वेगळ्या दिशेला गेला. यादीत एक पंधरावे यंत्र आले होते, आणि त्याला नाव नव्हते. राउटर यंत्रांना ओळखतो तो बारा अक्षर-अंकांच्या एका पत्त्यावरून, ज्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. पूर्वी हा पत्ता कारखान्यातून ठरून येई आणि सहसा बदलत नसे. पण कुणी आपला माग काढू नये म्हणून अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून, आणि आयफोनवर २०२०पासून, फोन प्रत्येक वाय-फायला आपला एक बनावट पत्ता देऊ लागले. ती सेटिंग बदलली की राउटरच्या लेखी तो फोन नवाच. माझे कलम जुन्या पत्त्यावर लागू, आणि साहेब नव्या नावाने मोकळे! बेनामी खाते ते हेच. मी नातवाला बोलावले आणि शाखेत हाताखालच्यांना दरडावायचो त्या आवाजात म्हणालो, "तू दुसऱ्या नावाने खाते उघडले आहेस."

"हो," तो शांतपणे म्हणाला. "कारण १ मेगाबिटात शाळेचे व्हिडिओ अडकतात. पण आबा, सोम-बुध-शुक्र सातला मी घरात नसतोच. मी क्लासला असतो. फी तुम्हीच भरलीत." आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाला, "आणि गेमला बँडविड्थ लागत नाही. वेळेवर पोचणे लागते."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत त्याच्या वाक्याची मी शहानिशा केली, आणि ते खरे निघाले. बहुतेक ऑनलाइन गेम खेळताना सेकंदाला अर्ध्या मेगाबिटाच्याही आत भागवतात. माझा सैनिक इथे उभा आहे, त्याने गोळी झाडली, एवढाच निरोप जायचा असतो. चांगल्या चित्राचा सिनेमा ५ मेगाबिट खातो, चित्र फार मोठे असेल तर १५. दोन माणसांचे समोरासमोरचे बोलणे दोन-तीन मेगाबिटांत होते. सगळे एकदम चालले तरी आमच्या ५०मध्ये बसत होते! तुटवडा नव्हताच. मी तुटवडा गृहीत धरून रेशनकार्डे वाटली होती.

पुढच्या शुक्रवारी पावसाने क्लास रद्द झाला. सातला नातू लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला, न बोलता. काळ्या पडद्यावर त्याने ‘पिंग’ अशी आज्ञा आणि एक पत्ता लिहिला. हे म्हणजे पाटलाच्या विहिरीत खडा टाकून आवाज ऐकण्यासारखे आहे : एक चिमुकले पॅकेट दूरच्या यंत्राकडे जाते, लगेच परत येते, आणि जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागले ते छापले जाते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आकडे येत होते ११४०, ११८०, १२०५. "एरवी १४ असतात," तो म्हणाला. मग तो घरभर हिंडला. टीव्ही बंद केला, आकडे तेच. आजीच्या फोनचे वाय-फाय बंद केले, तेच. स्वतःचा फोन बंद केला. मग जेवणाच्या टेबलाशी चार्जिंगला लावलेला माझा फोन त्याने वायरीतून उपसला आणि त्याचे वाय-फाय बंद केले. १४. १५. १४.

आतल्या खोलीतून सूनबाईचा आवाज आला, "हां, आता बोल. मी आहे."

खुलासा केला पाहिजे. माझ्याकडे जुनी पत्रे आहेत. वडिलांची, मित्रांची, संपादकांची, काही वाचकांचीही. कागद आता तुटायला लागले आहेत, म्हणून मी दुपारी बसून फोनने त्यांचे फोटो काढतो. दिवसाला तीनेकशे. संध्याकाळी फिरून आलो की सातच्या सुमारास फोन चार्जिंगला लावतो. चिरंजीवांनी मागे त्यात एक सोय करून दिली होती, की फोन चार्जिंगला असला आणि वाय-फाय असले, की फोटो आपोआप दूरच्या साठ्यात जावेत. मी ती विसरून गेलो होतो. एक फोटो ५ मेगाबाइटचा, तीनशेंचे १,५०० मेगाबाइट. वर चढायची आमची वाट १० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. भागाकार करा : १,२०० सेकंद. वीस मिनिटे ती वाट माझ्या पत्रांनी काठोकाठ भरलेली असे, आणि सूनबाईचे "शाब्बास" त्यांच्यामागे उभे असे. फ्रिजवरच्या तक्त्यात माझ्या नावापुढे आकडाच नव्हता. मला वाटले होते, टपाल पाहणाऱ्या म्हाताऱ्याला कलम कशाला? शिवाय माझे सगळे आकडे उतरण्याचे होते. चढण्याच्या रकान्याकडे मी पाहिलेही नव्हते, जरी सुनेने पहिल्याच रात्री तेच सांगितले होते.

पण वाट भरली तर बोलणे हळू व्हावे. सेकंदभर उशीर का व्हावा? हे कळायला मला आमची एक तालुक्याची शाखा आठवावी लागली. जुन्या जागेत हॉल इतका लहान होता, की दहा माणसे आली की अकरावा पायरीवर. तो आत डोकावून बघे आणि "नंतर येतो" म्हणून बाजाराला जाई. मग आम्हाला नवी इमारत मिळाली. ऐसपैस हॉल, बाके, पंखे. साहेबांनी येऊन पाहिले आणि गर्दी कमी झाल्याबद्दल माझे कौतुक केले. गर्दी कमी झाली नव्हती, ती बसली होती. कॅशियर तोच, नोटा मोजण्याचा वेग तोच. आता कुणी परत जात नसे इतकेच, आणि दोनशे रुपये काढायला आलेली पेन्शनर बाई, पेट्रोलपंपाच्या नोटांची पिशवी घेऊन आलेल्या माणसामागे दोन तास बाकावर बसे.

राउटरच्या पोटात असाच हॉल असतो. एक भरलेले पॅकेट १,५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे. सेकंदाला एक कोटी बिटांच्या वाटेने ते जायला १.२ मिलिसेकंद लागतात. पोटात अशी हजार पॅकेटे बसली असली, तर शेवटी आलेल्याला १.२ सेकंद थांबावे लागते. पिंगचा आकडा तोच सांगत होता. मेमरी स्वस्त झाली तसे यंत्रे बनवणाऱ्यांनी हॉल वाढवत नेले. एकही पॅकेट हरवू नये, हा हेतू चांगलाच. पण इंटरनेटचा सगळा समतोल पॅकेट हरवण्यावर उभा आहे.

ही गोष्ट जुनी आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांच्यामधला वेग एकाएकी सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही जागांत अंतर चारशे यार्ड. चिठ्ठी घेऊन चालत गेला असता तर माणूस आधी पोचला असता. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी कारण शोधले : पोच आली नाही की प्रत्येक यंत्र तेच पॅकेट पुन्हा पाठवी, त्याने कोंडी वाढे, म्हणून आणखी पोच येत नसे. १९८८मध्ये जेकबसन यांनी उपाय प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने आरंभी थोडे पाठवावे, हळूहळू वाढवावे, आणि पॅकेट हरवले की पायरीवरच्या अकराव्या माणसासारखे समजून घेऊन वेग उतरवावा. आजही बहुतेक यंत्रे याच शिस्तीचा कुठला ना कुठला अवतार पाळतात. मात्र हॉल मोठा असला की हरवतच काही नाही, पाठवणाऱ्याला कोंडी कळत नाही, आणि तो भरत राहतो. माझा फोन निर्दोष होता. कुणी त्याला थांब म्हटले नव्हते.

जॉन नेगल यांनी १९८५मध्येच बजावून ठेवले होते, की साठवण अमर्याद दिली तरी रांग एकच असेल तर कोंडी सुटत नाही. प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी करा आणि पाळीपाळीने एकेकाचे घ्या. त्याकडे घरगुती यंत्रे बनवणाऱ्यांनी फारसे लक्ष दिले नाही. मग २०१०मध्ये बेल लॅब्जमधले जिम गेटिस घरून आपल्या एका प्रकल्पाचे जुने दप्तर एमआयटीतल्या यंत्रावर पाठवत होते, आणि त्यांच्या लक्षात आले की तेवढा वेळ घरचे नेट सेकंदभर मागे पडते. जुने दप्तर वर चढवणाऱ्या या दुसऱ्या गृहस्थाबद्दल वाचताना मला केवढा दिलासा वाटला म्हणून सांगू! त्यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. आपल्याकडे याला पोट फुगणे म्हणतात. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच जेकबसन यांनी त्यावर औषध काढले. रांगेत किती जण आहेत ते मोजू नका, प्रत्येक जण किती वेळ थांबला ते मोजा. थांबणे सलग १०० मिलिसेकंदभर ५ मिलिसेकंदांच्या वर राहिले, की एखादे पॅकेट टाकून द्या. पाठवणारा समजून घेईल. शाखाधिकारी असताना मी रोज रोकड मोजली, टोकन मोजले. पेन्शनर बाई किती वेळ बसली ते मोजायचे मला सुचले नाही.

हे औषध आणि नेगल यांच्या वेगळ्या रांगा एकत्र करून लिनक्समध्ये आणल्या गेल्या, आणि २०१८मध्ये ‘केक’ नावाची आणखी सुधारलेली रीत आली. डेव्ह टॅट नावाच्या माणसाने हे ज्ञान घरोघरच्या राउटरपर्यंत पोचावे म्हणून वर्षानुवर्षे कंपन्यांच्या मागे तगादा लावला. एप्रिल २०२५मध्ये ते वारले.

केबलवाल्याच्या राउटरात यातले काही नव्हते. नातवाने एक वेगळा राउटर मागवून त्यात ‘ओपनडब्ल्यूआरटी’ घातले. २००४पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवत असलेली ही राउटरांची मोफत प्रणाली. घालण्याआधी आपले मॉडेल त्यांच्या यादीत आहे ना, ते पाहावे लागते, नाहीतर डबा निकामी होतो. त्यात फक्त तीन गोष्टी भरायच्या होत्या : उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग, आणि रांगेची रीत, म्हणजे केक. वेग पूर्ण लिहायचा नाही, दहाएक टक्के कमी लिहायचा. ५०ऐवजी ४५, १०ऐवजी ९. मी विचारले, हातचे सोडायचे कशाला? "म्हणजे रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या डब्यात लागते. आपल्या डब्यातल्या रांगेवर आपला हुकूम चालतो," तो म्हणाला. मला हे लगेच पटले. १९९०च्या सुमारास ठेवींचे १५ टक्के रिझर्व्ह बँकेकडे आणि साडेअडतीस टक्के सरकारी रोख्यांत बाजूला ठेवून आम्ही उरलेल्यातून कर्जे देत होतो. त्या मानाने दहा टक्के म्हणजे काहीच नव्हते.

आकडे भरायचा मान त्याने मला दिला. मी ४५ आणि ९ लिहून ‘सेव्ह’ दाबले, आणि घर ठप्प झाले. रकाना किलोबिटांचा होता. ४५ नव्हे, ४५,००० लिहायला हवे होते. तीन शून्ये खाणारा हा माणूस एकेकाळी लोकांचे ताळेबंद तपासत असे! सेकंदाला ४५ किलोबिट म्हणजे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट खुले केले त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतला, टेलिफोनमधून किंचाळणाऱ्या मोडेमचा वेग. सौ. म्हणाली, "बहिणीचा चेहरा ठिपक्यांचा झाला गं बाई." नातू पहिल्यांदा हसला. शून्ये भरली. मग त्याने माझा फोन चार्जिंगला लावला, फोटो चढू लागले आणि पिंग सुरू केले. १८, २१, १९, २२.

माझा तक्ता मग काढून टाकावा लागला. केक घरातल्या मागणाऱ्या प्रत्येक यंत्राला सारखा वाटा देतो. एकटाच मागत असेल तर सगळे त्याचे. थोडके मागणाऱ्याचे आधी उरकते, म्हणून बोलणे, गेम आणि यूपीआयचे पैसे कुणी न सांगता पुढे सरकतात, आणि माझी पत्रे उरलेल्या जागेतून सावकाश जातात. कोण महत्त्वाचे ते कुणी ठरवत नाही. सांगायला लाज वाटत नाही, की मला हे आवडले नाही. अग्रक्रम क्षेत्राला ४० टक्के, या धोरणात मी नोकरी घालवली. गरज बघून द्यावे, असे मला आजही वाटते. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही गरज कुठे बघितलीत? तुम्ही माणूस बघितलात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. २०१५मध्ये टेलिफोन कंपन्यांनी एकाचे नेट फुकट आणि दुसऱ्याचे महाग असे करू नये म्हणून दहा लाखांवर लोकांनी ट्रायला ई-मेल पाठवले, त्यांत आमचे चिरंजीव होते. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने तसा नियम केला तेव्हा घरात पेढे आणले होते ते मीच. घराच्या उंबऱ्याआत मालकाने वाटेल तो अग्रक्रम लावावा, कायदा आडवा येत नाही. तरीपण.

इथे दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण लेख वाचून उद्या कुणी राउटर उघडून बसेल. ज्यांच्याकडे चढायला आणि उतरायला दोन्हीकडे शंभर-दोनशे मेगाबिट आहेत, त्यांना हे दुखणे बहुधा जाणवणारही नाही; त्यांनी काही करू नये. आणि आमच्या मागच्या खोलीत नेट अजूनही रडते. तिथे दोन भिंती आडव्या येतात आणि वाय-फायच क्षीण पोचते. दारातल्या रांगेला शिस्त लावून अंगणातला चिखल सुकत नाही. तिथवर एक वायर ओढायची आहे. ते काम चिरंजीवांकडे आहे, म्हणजे दिवाळीपर्यंत होईल.

चिरंजीवांनी नंतर मला विचारले, की रात्री दहानंतर मुलाचा फोन बंद पडेल असे कलम घालता येईल का. घालता येते. पण ते बँडविड्थचे काम नव्हे, बापाचे आहे, असे मी सांगितले. त्यांनी ते मनावर घेतलेले दिसत नाही.

पुढच्या सोमवारी सातला मी मुद्दाम फोन चार्जिंगला लावला. त्या दिवशीचे तीनशे फोटो निघाले. मी सूनबाईच्या खोलीबाहेर वर्तमानपत्र घेऊन बसलो, वाचत नव्हतो. आतून मुलाचा आवाज येत नव्हता, त्याचे तिच्या कानात होते. तिचेच ऐकू येत होते. थोडी शांतता, मग लगेच तिचे "हं". पुन्हा शांतता, पुन्हा "हं". पाऊण तासाने ती बाहेर आली, मला बघून म्हणाली, "आज त्याने एकदाही विचारले नाही," आणि चहा टाकायला गेली.

राउटरचा पासवर्ड मी नातवाच्या हवाली केला. दुसऱ्याच दिवशी त्याने तो बदलला. मी नवा मागितला, तेव्हा त्याने वहीतला एक कोरा कागद फाडून पुढे केला आणि म्हणाला, "कारण लिहून द्या, आबा."